बोट उभी आहे, मग धूर कशाला?

मागच्या थंडीत मी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा बंदराला जात होते. वाटेत नांगर टाकून उभ्या असलेल्या एका मोठ्या बोटीच्या धुराड्यातून करडा धूर निघत होता. शेजारी रिकाम्या पाट्या घेऊन बसलेल्या मावशींनी विचारलं, "ती बोट उभीच हाय ना गं? मग धूर कशाला सोडते?"

मी म्हटलं, "आत वीज लागते मावशी. दिवे, पंप, माल थंड ठेवायची यंत्रं. त्यासाठी छोटी इंजिनं चालू ठेवावी लागतात."

"म्हंजे रातदिस?"

"हो, रातदिस."

मावशींनी मान हलवली आणि त्या उरणच्या बाजूला बघायला लागल्या.

बंदरांच्या शेजारची हवा हा माझ्या पीएचडीचा विषय आहे. मावशींना मी दोन वाक्यांत उत्तर दिलं खरं, पण हाच प्रश्न सरकारांना आणि संशोधकांना नीट विचारायला विसाव्या शतकाचा शेवट उजाडावा लागला. गाडीचा धूर नळीशी मोजतात, कारखान्याचा चिमणीशी. बोटीचा धूर मात्र कितीतरी वर्षं कुणाच्याच वहीत नव्हता. या लेखात मला त्या वहीचा इतिहास सांगायचा आहे: ती कोरी का राहिली, पहिल्यांदा कुणी भरली, आणि भरल्यावर काय बदललं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा असं मला वाटतं, कारण एखादी गोष्ट 'संशोधनाचा विषय' कशी बनते ते यात स्पष्ट दिसतं.

कोळशापासून फर्नेस ऑइलपर्यंत

१९१२ साली दोन गोष्टी घडल्या. एकमेकींशी त्यांचा काही संबंध नव्हता. मुंबईत गिरण्या आणि भट्ट्यांच्या धुराला आवर घालण्यासाठी धूर-उपद्रवाचा कायदा झाला. कलकत्त्यात तसा कायदा १९०५ मध्येच आला होता. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत 'सेलांडिया' ही डॅनिश बोट कोपनहेगनहून बँकॉकच्या वाटेला लागली. महासागर ओलांडणारी ही पहिली मोठी डिझेल बोट मानली जाते. कोळशाच्या बोटींसारखं उंच धुराडंच तिला नव्हतं. लोकांना ती स्वच्छ वाटली, आणि तेव्हाच्या मानाने ती होतीही.

कोळशाच्या काळात बोटीचा धूर सगळ्यांना दिसायचा. भट्टीत कोळसा टाकणाऱ्या आगवाल्यांच्या तर अंगावरच तो बसायचा. डिझेल आल्यावर काळे ढग कमी झाले आणि धुराबद्दलची तक्रारही थंडावली. पण पुढे इंधन बदललं. कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाशी जो दाट, काळा गाळ उरतो, तो स्वस्त असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात, 'ऑरिक्युला' या तेलवाहू बोटीवर जॉन लँब या इंजिनिअरने हे जड तेल डिझेल इंजिनात जाळून दाखवलं. गरम करून पातळ केलं आणि गाळून घेतलं की ते चालत होतं. पुढच्या दोन-तीन दशकांत जगातल्या मोठ्या बोटी या तेलावर गेल्या. आपल्याकडे यालाच फर्नेस ऑइल म्हणतात.

या तेलात गंधक भरपूर असतं. गंधक जळलं की सल्फर डायऑक्साइड होतो आणि त्यापासून पुढे सल्फ्युरिक आम्ल. हे आम्ल इंजिनाच्या सिलिंडरचं धातू खातं, हे जहाज कंपन्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यावर तोडगा म्हणून १९५० च्या दशकात अल्कधर्मी सिलिंडर तेलं निघाली. ती तेलं आम्ल मारायची आणि इंजिन वाचवायची. म्हणजे गंधकाचा त्रास माहीत होता, त्याचं मोजमापही झालं होतं, पण ते सिलिंडरच्या झिजेचं. धुराड्यातून बाहेर पडलेल्या गंधकाचं पुढे काय होतं, हे बघणं कुणाचं काम नव्हतं.

आकड्यात सांगायचं तर असं. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत १० भाग एवढंच चालतं. २०१९ पर्यंत जगभरच्या बोटींना ३.५ टक्के, म्हणजे दहा लाखात ३५,००० भाग चालत होतं. साडेतीन हजार पट.

समुद्र कुणाचा, धूर कुणाचा?

वही कोरी राहण्याचं पहिलं कारण कायद्याचं आहे. बोट एका देशात नोंदवलेली, मालक दुसऱ्या देशातला, खलाशी तिसऱ्या, इंधन भरलं चौथ्या देशात आणि जाळलं पाचव्या देशाच्या किनाऱ्याजवळ. बोटींच्या प्रदूषणावरचा 'मारपोल' हा आंतरराष्ट्रीय करार १९७३ मध्ये झाला आणि १९७८ मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या. पण त्याचं लक्ष पाण्यावर होतं: सांडलेलं तेल, रसायनं, सांडपाणी, कचरा. हवा त्यात नव्हती.

हवेचा प्रश्न आला तो आडवाटेने. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये आम्लवर्षेची चर्चा सुरू झाली. तळी मरत होती आणि गंधक येत होतं ते शेजारच्या देशांच्या चिमण्यांमधून. १९७९ मध्ये युरोपातल्या देशांनी यावर करार केला आणि १९८५ मध्ये गंधक ३० टक्क्यांनी कमी करायचं ठरलं. जमिनीवरच्या चिमण्या हळूहळू स्वच्छ व्हायला लागल्या, आणि मग समुद्रावरची धुराडी उठून दिसायला लागली. १९८८ मध्ये नॉर्वेच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने हवेचं प्रदूषण आपल्या कामात घेतलं.

लक्षात घ्या, अजून कुणीही फुप्फुसाबद्दल बोलत नव्हतं. सगळा वाद तळी आणि जंगलांबद्दल होता.

आता १९९७ हे वर्ष बघा. त्या सप्टेंबरमध्ये मारपोलला सहावं परिशिष्ट जोडलं गेलं आणि बोटीच्या इंधनातल्या गंधकावर जगभरासाठी पहिली मर्यादा आली: ४.५ टक्के. ऐकायला बरं वाटतं. पण त्या काळी बोटी जे तेल जाळत होत्या त्यात सरासरी २.७ टक्क्यांच्या आसपासच गंधक होतं. म्हणजे बहुतेकांना काहीच बदलावं लागणार नव्हतं. त्यातही हे परिशिष्ट अमलात यायला १९ मे २००५ उजाडला.

त्याच १९९७ च्या डिसेंबरमध्ये क्योटो करार झाला. आंतरराष्ट्रीय बोटींच्या इंधनाचा हिशोब कुठल्याच देशाच्या एकूण बेरजेत धरला गेला नाही. तो विषय सागरी संघटनेकडे सोपवण्यात आला.

आणि त्याच वर्षी 'सायन्स' या नियतकालिकात जेम्स कॉर्बेट आणि पॉल फिशबेक यांचा एक छोटा लेख आला. जगभरच्या इंधन ज्वलनातून जे नायट्रोजन ऑक्साइड निघतात, त्यातला सुमारे १४ टक्के वाटा बोटींचा आहे, असा त्यांचा अंदाज होता. एवढा मोठा वाटा, आणि कुठल्याच देशाच्या हिशोबात नाही! बोटींच्या धुरावरच्या आजच्या संशोधनात हा लेख अजूनही पायाचा मानला जातो.

सॅन पेड्रोचा उपसागर

जगाचा अंदाज आला, पण तो कुणाच्या घरापर्यंत पोहोचत नव्हता. तो पोहोचला कॅलिफोर्नियात. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ही दोन बंदरं सॅन पेड्रो उपसागरात एकमेकांना खेटून आहेत. अमेरिकेत कंटेनरमधून येणाऱ्या मालाचा फार मोठा भाग इथेच उतरतो. बंदराला लागून विल्मिंग्टन, सॅन पेड्रो आणि लाँग बीचचा पश्चिम भाग आहे. यातल्या बऱ्याच वस्त्या कामगारांच्या आहेत आणि त्यांत लॅटिन अमेरिकी कुटुंबं खूप.

इथे आधी दोन गोष्टी घडून गेल्या होत्या. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वायू मंडळाने डिझेलच्या धुरातले सूक्ष्म कण अधिकृतपणे 'विषारी' ठरवले. मग २००० साली तिथल्या प्रादेशिक हवा नियंत्रण संस्थेने एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या खोऱ्यात आयुष्यभर राहिल्यास विषारी हवेमुळे दहा लाखांत सरासरी सुमारे १,४०० जणांना कर्करोग होण्याचा धोका आहे, आणि त्यातला सुमारे ७० टक्के धोका डिझेलच्या कणांमुळे आहे, असा निष्कर्ष त्यात होता. धोक्याच्या नकाशावर बंदराचा परिसर ठळक दिसत होता.

२००१ मध्ये लॉस एंजेलिस बंदराने चायना शिपिंग कंपनीसाठी नवं टर्मिनल बांधायला घेतलं. त्या प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा स्वतंत्र, पूर्ण अहवाल केलेला नव्हता. सॅन पेड्रोच्या रहिवासी संघटना आणि पर्यावरण संस्था कोर्टात गेल्या. त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं: आधी मोजा, मग बांधा. ऑक्टोबर २००२ मध्ये अपील कोर्टाने काम थांबवलं. २००३ मध्ये तडजोड झाली. तिच्यात ५ कोटी डॉलर्सची तरतूद होती, आणि त्याहून महत्त्वाची एक अट होती: या टर्मिनलला लागणाऱ्या बहुतांश बोटींनी धक्क्यावर आपली इंजिनं बंद करून किनाऱ्यावरची वीज घ्यायची.

मावशींच्या प्रश्नाचं हे सरळ उत्तर होतं. बोट उभी आहे ना, मग इंजिन बंद करा आणि प्लग लावा. २००४ मध्ये तिथे कंटेनर बोटींना किनाऱ्यावरून वीज मिळू लागली. हे वाटतं तितकं सोपं नाही. बोटीबोटीचं व्होल्टेज वेगळं, फ्रीक्वेन्सी वेगळी, केबल जोडायची जागा वेगळी. यासाठीचं आंतरराष्ट्रीय प्रमाण २०१२ मध्ये आलं. तोवर प्रत्येक बंदराने आपापला मार्ग काढला.

वही भरायची कशी?

कोर्टाच्या दणक्यानंतर बंदरांनी आपल्या धुराची वार्षिक मोजदाद सुरू केली. ही मोजदाद कशी होते ते आपल्या कामाचं आहे.

पहिली पद्धत वरून खाली येणारी: इंधन किती विकलं गेलं ते बघा आणि त्यावरून धूर काढा. देशपातळीवर ही ठीक आहे, पण बंदरासाठी निरुपयोगी. सिंगापूरला भरलेलं तेल कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ जळतं.

दुसरी पद्धत खालून वर जाणारी. प्रत्येक बोटीसाठी चार आकडे घ्या: इंजिनाची ताकद, त्यावरचा भार, ते किती तास चाललं, आणि ऊर्जेच्या एका युनिटमागे किती धूर निघतो. चौघांचा गुणाकार करा आणि सगळ्या बोटींची बेरीज घ्या. काम किचकट आहे. पण २००४ च्या अखेरीपासून आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या मोठ्या बोटींना आपली ओळख, जागा आणि वेग सतत प्रक्षेपित करणारं उपकरण सक्तीचं झालं. ते मुळात टक्कर टाळण्यासाठी होतं. पुढे संशोधकांनी त्याच नोंदी धूर मोजायला वापरल्या. दुसऱ्या कामासाठी जमवलेला विदा आपल्या कामी आला, असं संशोधनात वारंवार होतं. त्यासाठी नजर उघडी ठेवावी लागते.

या गुणाकारातून उपायही सुचतात. बोटीला ढकलायला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग २० नॉटवरून १२ वर आणला, तर ताकद जवळजवळ पाचव्या हिश्शावर येते. तेवढंच अंतर कापायला वेळ जास्त लागतो हे धरूनही मुख्य इंजिनाची ऊर्जा सुमारे ३६ टक्क्यांवर येते. सॅन पेड्रोत २००१ पासूनच बंदराजवळ बोटींनी १२ नॉटने यावं अशी ऐच्छिक योजना होती. तिला नवं यंत्र लागत नव्हतं, फक्त कप्तानाची तयारी हवी होती.

टन आणि धोका

२००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वायू मंडळाने या दोन बंदरांचा आरोग्य-धोक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००२ च्या हिशोबाप्रमाणे बंदरांच्या कामकाजातून वर्षाला सुमारे १,७६० टन डिझेल कण निघत होते. त्या संपूर्ण खोऱ्यातल्या डिझेल कणांपैकी हा साधारण पाचवा भाग. यात सर्वांत मोठा वाटा बोटींचा होता.

पण माझ्या मते अभ्यासाचा खरा मुद्दा पुढे आहे. टनांची यादी आणि धोक्याची यादी जुळत नव्हती. चालत्या बोटींचा बराच धूर दूर समुद्रात निघत होता आणि किनाऱ्यावर येईपर्यंत विरळ होत होता. उलट, धक्क्याला उभ्या बोटी आणि धक्क्यावरची माल उचलणारी यंत्रं यांचे टन कमी होते, पण लोकांच्या धोक्यात त्यांचा वाटा टनांच्या मानाने जास्त निघाला. कारण उघड आहे: हा धूर वस्तीशेजारी, रात्रंदिवस, एकाच जागी निघतो.

नुसती टनांची बेरीज केली असती तर नियमांचा सगळा भर भर समुद्रातल्या प्रवासावर गेला असता. लोक कुठे राहतात ते नकाशावर ठेवल्यावर उभी बोट समोर आली. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये दोन्ही बंदरांनी मिळून स्वच्छ हवेचा कृती आराखडा मंजूर केला. २००७ च्या डिसेंबरमध्ये राज्याने धक्क्यावरच्या बोटींसाठी वीज-जोडणीचा नियम केला. २००८ पासून जुने ट्रक बाहेर काढायला सुरुवात झाली. पुढच्या वर्षांत, २००५ च्या तुलनेत, बंदरांच्या हिशोबातले डिझेल कण ८५ टक्क्यांहून जास्त घटले.

मात्र वहीत लिहिलेलं सगळं धक्क्यावर उतरतंच असं नाही. ज्या टर्मिनलपासून हे सगळं सुरू झालं, तिथेच ठरलेल्या उपायांपैकी काही पुरते राबवले गेले नव्हते, हे २०१५ मध्ये उघड झालं. रहिवाशांना पुन्हा हिशोब मागावा लागला.

मुलांची फुप्फुसं

हवा सुधारली की शरीर सुधारतं का? हे सिद्ध करणं अवघड असतं, कारण त्यासाठी वर्षानुवर्षं त्याच पद्धतीने मोजत राहावं लागतं. दक्षिण कॅलिफोर्नियात ते झालं. १९९३ मध्ये तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी बारा गावा-शहरांमधल्या शाळकरी मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यातलं एक शहर लाँग बीच. मुलांना दरवर्षी एका नळीत जोरात फुंकायला लावायचं आणि फुप्फुसांची क्षमता नोंदवायची.

२००४ मध्ये निष्कर्ष आला. ज्या ठिकाणी सूक्ष्म कण सर्वांत जास्त, तिथे अठराव्या वर्षी ७.९ टक्के मुलांची फुप्फुसक्षमता चिंताजनकरीत्या कमी होती. सर्वांत कमी कण असलेल्या ठिकाणी हे प्रमाण १.६ टक्के होतं. मग २०१५ मध्ये त्याच गटाने लाँग बीचसह पाच ठिकाणच्या मुलांच्या तीन पिढ्यांची तुलना मांडली. पंधराव्या वर्षी कमी क्षमता असलेल्या मुलांचं प्रमाण पहिल्या गटात ७.९ टक्के, दुसऱ्यात ६.३ आणि २००७ ते २०११ या काळातल्या गटात ३.६ टक्के होतं. हवा सुधारत गेली तशी मुलांची छाती भरत गेली.

इथे घाई करायची नाही. 'बंदर स्वच्छ झालं म्हणून मुलं सुधारली' असं हा अभ्यास म्हणत नाही. त्या काळात गाड्या, ट्रक, कारखाने, सगळ्यांवर नियम आले. पाचांपैकी काही ठिकाणं बंदरापासून बरीच आत आहेत. बंदराचा वाटा वेगळा काढायचा तर हवेतल्या कणांचा 'ठसा' ओळखावा लागतो. जड तेलात व्हॅनेडियम आणि निकेल हे धातू असतात, म्हणून हवेच्या नमुन्यात ते एका ठराविक प्रमाणात सापडले की बोटींकडे बोट दाखवता येतं. गंमत अशी की २०२० मध्ये तेल बदललं तेव्हा हा ठसाच पुसट झाला. धूर राहिला, पण ओळखायची खूण गेली. जुन्या पद्धतीने शोधणाऱ्याला वाटेल, बोटींचा धूर संपला!

६० हजार की ४ लाख?

२००७ मध्ये कॉर्बेट आणि सहकाऱ्यांनी जागतिक अंदाज दिला: बोटींच्या सूक्ष्म कणांमुळे हृदय-श्वसनविकार आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने दरवर्षी सुमारे ६०,००० अकाली मृत्यू होतात, त्यातले बरेच युरोप, पूर्व आशिया आणि दक्षिण आशियाच्या किनाऱ्यांवर. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००८ मध्ये, सागरी संघटनेने मर्यादा कडक करायचं ठरवलं: २०१२ पासून ३.५ टक्के आणि १ जानेवारी २०२० पासून ०.५ टक्के.

२०१८ मध्ये मिखाईल सोफिएव्ह आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यांच्या गणिताप्रमाणे नियम बदलला नाही तर वर्षाला सुमारे ४ लाख अकाली मृत्यू आणि १ कोटी ४० लाख मुलांना दमा. बदलला तर मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि मुलांच्या दम्याचा भार निम्म्याहून जास्त कमी होईल. तरीही अडीच लाखांच्या घरात मृत्यू उरतातच.

हे दोन आकडे शेजारी ठेवून 'बोटींचा धूर अकरा वर्षांत सातपट घातक झाला' असं लिहिलेलं मी एका विद्यार्थ्याच्या सादरीकरणात पाहिलं आहे. तसं नाही. बोटींची ये-जा वाढली हे खरं, पण मधल्या काळात नकाशा बारीक झाला, बोटींच्या हालचालींची माहिती सुधारली, आणि हवा व मृत्यू यांना जोडणारं गणितच बदललं. दोन आकडे एका आलेखावर ठेवण्याआधी ते एकाच फूटपट्टीने मोजलेत का ते बघा.

नांगरावरच्या बोटी

सॅन पेड्रोची गोष्ट इथे संपली असती तर बरं वाटलं असतं. २०२१ च्या पावसाळ्यानंतर, म्हणजे तिथल्या शरदात, महामारीनंतरच्या मालाच्या लोंढ्याने दोन्ही बंदरं तुंबली. शंभरहून अधिक बोटी बाहेर नांगर टाकून किंवा घिरट्या घालत थांबल्या. वीज घेण्याची सोय धक्क्यावर होती. नांगरावर कुठला प्लग? सगळ्यांची छोटी इंजिनं दिवसरात्र चालू राहिली आणि त्या वर्षीच्या मोजदादीत बंदरांचा धूर पुन्हा वर गेला.

नियम 'धक्क्यावरच्या बोटी'साठी लिहिलेला होता. बोट धक्क्यापासून काही मैलांवर उभी राहिली की ती नियमाच्या बाहेर, पण वस्तीच्या वाऱ्यात. मोरा लाँचमधून मावशींना दिसलेली बोट अशीच नांगरावरची होती.

आपल्या किनाऱ्यावर

पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवणला नवं मोठं बंदर होणार आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. तिथल्या मच्छीमारांचा या बंदराला वर्षानुवर्षं विरोध आहे. तो वाद मासळीचा, जागेचा, उपजीविकेचा आहे आणि तो या लेखात मावणार नाही. पण बंदर होवो, न होवो, एक काम आजच करता येतं आणि नंतर कधीच करता येणार नाही. ते म्हणजे आधीची हवा मोजून ठेवणं.

सॅन पेड्रोत नव्या टर्मिनलचं काम अडलं ते 'आधी मोजा' या एका मागणीवर. कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या फुप्फुसांबद्दल २०१५ मध्ये ठामपणे बोलता आलं, कारण १९९३ मध्ये कुणीतरी नळ्या घेऊन शाळेत गेलं होतं. पहिल्या बोटी लागल्यानंतर मोजायला सुरुवात केली, तर 'आधी कसं होतं?' याचं उत्तर देणारं कुणी उरत नाही.

तेव्हा प्रबंधाचा विषय शोधत असाल तर तीन गोष्टी करून बघा. आपल्या जवळच्या बंदराच्या किंवा औद्योगिक वसाहतीच्या पर्यावरण अहवालात कुठले स्रोत मोजलेत याची यादी करा, आणि मग कुठले मोजलेले नाहीत त्याची. नांगरावरच्या बोटी त्यात आहेत का बघा. मग टनांच्या तक्त्याशेजारी वस्तीचा नकाशा ठेवा: शाळा कुठे, दवाखाना कुठे, वारा कुठल्या महिन्यात कुठून येतो. आणि शेवटी, दुसऱ्या कामासाठी कुणीतरी जमवलेल्या नोंदी शोधा. बोटींच्या हालचालींच्या नोंदी आहेत, हवामान केंद्रांच्या आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या रजिस्टरमध्ये दम्याच्या रुग्णांच्या आहेत. रजिस्टर बघायला परवानगी लागेल, ती रीतसर घ्या, आणि रुग्णांची नावं उतरवून घेऊ नका.

मोऱ्याला उतरताना मावशींनी पाट्या डोक्यावर घेतल्या आणि विचारलं, "तू काय शिकतेस गं?" मी म्हटलं, "त्या धुराचंच." त्या हसल्या. "मग लिही नीट," म्हणाल्या. "आमच्याकडं वारा तिकडनंच येतो."